भिंतीची चुकीची बाजू

मधवालीने चहाचा एक घोट घेतला आणि कप तसाच टेबलावर ठेवून ती परसात गेली. हल्ली असंच चाललं होतं. घास गिळवत नव्हता, झोप धड लागत नव्हती, आणि लेकीने विचारलं की "काही नाही गं, थंडीचं" म्हणून ती वेळ मारून नेत होती.

परसात दगडी भिंत होती आणि तिच्या आडोशाला मधमाश्यांच्या सहा पेट्या. मधवाली एकेका पेटीला कान लावायची आणि बोटाने हलकेच टकटक करायची. धडधाकट पेटी अशा टकटकीवर फुस्सकन रागावते आणि लगेच गप्प होते. आज पाच पेट्या कशाबशा कुरकुरल्या, आजारी माणसाने कण्हावं तशा. सहावीने उत्तरच दिलं नाही. मधवालीने पुन्हा टकटक केली, मग जरा जोराने केली. शेवटी तिने झाकण उचललं.

आत सगळ्या माश्या एकमेकींना बिलगून मेल्या होत्या. दोन बोटांवर मधाने भरलेली पोळी होती, पण तेवढं अंतर सरकण्याइतकीही ऊब त्यांच्या अंगात उरली नव्हती. भरल्या घरात उपाशी मेल्या होत्या बिचाऱ्या. 

गोष्ट सहा पेट्यांची नव्हती, बागेची होती. घरामागच्या उतारावर सफरचंदाची झाडं होती, जावयाच्या वडिलांनी लावलेली. दोन वसंत ती फुलांनी लगडली आणि फळ म्हणून धरलं नाही, कारण परागकण इकडून तिकडे न्यायला आसपास माश्याच उरल्या नव्हत्या. तिसराही वसंत कोरडा गेला तर बाग तोडायची, असं जावयाने ठरवलं होतं. नेमकी तेव्हाच मधवाली, नवरा गेल्यावर, लेकीकडे कायमची राहायला आली. विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला तिने सगळा संसार केला होता आणि संसाराइतकीच वर्षं माश्या पाळल्या होत्या. आल्या आल्याच ती म्हणाली, "माश्यांचं माझ्यावर सोडा. त्यात कुणी लक्ष घालायचं नाही." आणि खरोखरच तिने कुणाला लक्ष घालू दिलं नाही. नाकावर माशी बसू न देणारी बाई, मग माश्यांच्या बाबतीत कुणाचं ऐकतेय!

आता मात्र तिला कोडं उलगडेना. रोग म्हणावा तर खूण नव्हती. उपासमार म्हणावी तर मध शिल्लक होता. मग चुकलं काय?

झाकण लावून ती वळली, तो पाठीमागच्या दोरीवर तिचा सदरा दिसला. तीन दिवसांपूर्वी वाळत घातलेला. हात लावला तर पुठ्ठ्यासारखा कडक, गोठलेला. तो काढून ती पुढच्या अंगणात आली, तर तिथे लेकीचे कपडे वाऱ्यावर छान फडफडत होते. लेक ते काढत होती.

"तुझे कसे गं वाळतात रोज?" मधवालीने विचारलं.

"अगं आई, तुला किती वेळा सांगितलं, मागच्या दोरीवर घालू नकोस म्हणून. मागे ऊन येतच नाही. थंडीत सूर्य इकडच्या बाजूने जातो ना."

"इकडच्या म्हणजे?"

"दक्षिणेच्या! दुसऱ्या कुठल्या?"

मधवाली सदरा हातात धरून तशीच उभी राहिली.

पृथ्वीच्या त्या दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात ऊन उत्तरेकडून येतं आणि बोचरा वारा दक्षिणेकडून, थेट ध्रुवावरच्या बर्फावरून. तिथे पेटी ठेवायची तर तोंड ईशान्येला आणि दक्षिणेला भिंत पाठीशी. हे तिच्या हाडीमासी इतकं मुरलं होतं की इथे आल्यावर तिने वर पाहिलंच नाही. नवऱ्याचं जुनं होकायंत्र भिंतीवर ठेवलं आणि धडाधड पेट्या मांडून मोकळी झाली. इथे महिने उलटे असतात, जूनमध्ये उन्हाळा आणि डिसेंबरात थंडी, हे मात्र तिने विमानातच घोकलं होतं. मोठी गोष्ट लक्षात ठेवली आणि साधी विसरली.

उन्हाळ्याने तर तिला फसवलंच. विषुववृत्तापासून इतक्या दूर, उत्तरेत, उन्हाळ्यातला सूर्य उगवतोच मुळी ईशान्येला. रोज सकाळी कोवळं ऊन बरोबर पेट्यांच्या तोंडावर पडायचं आणि मधवाली स्वतःवरच खूश व्हायची. मग दिवस लहान होत गेले, सूर्य उगवताना दक्षिणेकडे सरकत गेला आणि दुपारीही भिंतीच्या वर डोकावेना. पेट्या सावलीत गेल्या आणि उत्तरेचा वारा थेट त्यांच्या दारात घुसू लागला. भिंत वाऱ्याला नाही, उन्हाला अडवून उभी होती.

ऊन पडल्याशिवाय माश्या बाहेर येत नाहीत, आणि पोट साफ करायला बाहेर आल्या नाहीत तर आत आजारी पडतात. पाच पेट्या भिंतीच्या पलीकडे न्यायला हव्या होत्या, आणि आजच. पण मधाने भरलेली पेटी एकटीला उचलवणारी नव्हती. हिसका बसला तर उबेसाठी बिलगलेला आतला माश्यांचा गोळा फुटणार आणि खाली पडलेली माशी गारठून मरणार. म्हणजे जावयाला सांगणं आलं. ज्याला इतके महिने लक्ष घालू दिलं नाही त्यालाच. मधवालीला मनापासून लाज वाटली आणि लाजेहून जास्त भीती वाटली.

जावई शेडमध्ये करवतीला धार लावत होता. करवत कोणत्या झाडांसाठी ते तिने ओळखलं.

"जावईबापू, माझं चुकलं. पेट्या मी उलट्या बाजूला मांडल्या. एक मेली."

त्याने करवत खाली ठेवली. मान वर केली नाही.

"मला वाटलंच होतं, आई."

"कधी?"

"तुम्ही मांडल्या त्याच दिवशी. म्हटलं, इतक्या वर्षांचा तुमचा हात, मी काय शिकवणार? तुमची काहीतरी पद्धत असेल. नंतर बोलायचं धाडसच झालं नाही."

मधवालीला संताप आला. त्याचा आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. याने मान राखला आणि हिने मान मिरवला, आणि दोघांच्या मधे पेटीभर जीव गेले. पण आत्ता भांडायलाही वेळ नव्हता.

"चला," ती म्हणाली. "पाय आपटू नका म्हणजे झालं."

एका बाजूने जावई, एका बाजूने लेक, आणि पुढे मधवाली "हळू, हळू" करत. एकेक पेटी, दिवस भरलेल्या बाईला धरून न्यावं तशी, त्यांनी भिंतीला वळसा घालून नेली. तोंड आग्नेयेला केलं. प्रत्येक दारासमोर मधवालीने वाळक्या फांद्या आडव्या टेकवल्या. बाहेर येणारी माशी फांदीला अडखळते, मागे वळून बघते आणि नवी जागा ध्यानात घेते. त्यानंतर करण्यासारखं काहीच उरलं नाही आणि तेच सगळ्यात वाईट होतं. आभाळ भरून राहिलं. दिवसामागून दिवस नुसता राखाडी उजेड. मधवाली पेट्यांना कान लावेना, ऐकायची हिंमतच होईना. जावई येता-जाता आभाळाकडे बघायचा, ती जावयाकडे बघायची.

मग एका दुपारी ढग फाटले. ऊन भिंतीवर पडलं, भिंत तापली, पेट्यांच्या पुढच्या फळ्या तापल्या. तिघं दारांकडे बघत उभी राहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग एका दारातून एक माशी आली. फांदीला अडखळली, वळली, घिरटी घालून उडाली. तिच्यामागून दहा, मग मोजता येईनात इतक्या. पाचही दारं जागी झाली. लेक रडायला लागली. जावयाने टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली.

"आता या वसंताला तरी..." तो म्हणाला आणि बागेकडे बघू लागला.

मधवाली मात्र तिथे नव्हती. ती भिंतीमागे गेली होती. तिला ठाऊक होतं, सगळ्या माश्यांना नवं घर उमगत नाही. मागच्या बाजूला, जिथे पेट्या होत्या त्या मोकळ्या जागेवर, काही माश्या जुनं दार शोधत घिरट्या घालत होत्या आणि सावलीत गारठून टपाटप गवतावर पडत होत्या. मधवाली गुडघे टेकून एकेक उचलत होती, ओंजळीत घेऊन फुंकर घालत होती.

"कळतंय गं बायांनो," ती पुटपुटत होती. "सवय जात नाही. मला नाही कळत होय?"

जावई मागून आला. टोपी उलटी करून तिच्या शेजारी बसला आणि माश्या वेचू लागला.

"पुढच्या वेळी मी बोलेन, आई."

"बोला," ती म्हणाली. "मी ऐकणार नाही, तरी बोला."

टोपी भरली तशी दोघं उठली आणि भिंतीला वळसा घालून उन्हाकडे निघाली.