डोळ्यातली चकती

सुरतेत प्लेग होऊन गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीला गावी गेलो आणि ज्वारी कापताना एक पातं डाव्या डोळ्यात घुसलं. सुरतेत कतारगामला परत येईपर्यंत बुबुळावर पांढरा ठिपका उठला होता. मोठ्या इस्पितळातले डॉक्टर नाणावटी म्हणाले, बुरशी आहे. बुरशी लागायला डोळा म्हणजे काय शिळी भाकरी आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण डोळा जाऊ शकतो असं त्यांनी सांगितलं आणि माझी मस्करी जिरली. मी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला; लूमवाला माणूस डोळ्यांवर जगतो. चार लूम सांभाळताना तुटलेला धागा दिसला नाही, तर सेठ दुसऱ्या दिवशी नवा माणूस उभा करतो.

दर तासाला थेंब घालायचे होते. एका जागी बसणं माझ्या रक्तातच नाही. कधी घालायचो, कधी विसरायचो, आणि घातलेलं अर्धं औषध गालावरून वाहून जायचं. पंधरा दिवसांत ठिपका वाढलाच.

मग डॉक्टरांनी नवीन गोष्ट काढली. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, पारदर्शक चकती. औषधात भिजवून ती बुबुळावर ठेवायची. दोन दिवसांत ती आपोआप विरघळते आणि तोवर औषध आतवर झिरपत राहतं. ते पहिल्यांदाच तीन पेशंटांवर हे करून बघणार होते, त्यात मी पहिला. सगळं वहीत लिहीत होते. हात लावायचा नाही, परवा दाखवायला या, असं दोनदा बजावलं.

घरी आल्यावर वत्सलानं विचारलं, काय केलं? औषध घातलं, एवढंच म्हणालो. बायकोला समजावत कोण बसणार!

दुसऱ्या दिवशी दुपारी डोळ्यात खुपायला लागलं. उठलो, बसलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. डोळा फोडून टाकावासा वाटत होता. आमच्या गल्लीत कुणाच्याही डोळ्यात सुताचा कचरा गेला की तो वत्सलाकडे येतो. पापणी उलटवून, पदराच्या टोकाला पीळ देऊन ती असा काढते की कळतसुद्धा नाही. एवढी पातळ चकती काय खुपणार, सूतच असेल, असं धरून मी तिच्यापुढे बसलो आणि कचरा गेलाय, काढ म्हणालो. ती म्हणाली, दुखऱ्या डोळ्याला नको, डॉक्टरांना विचारू. मी तिच्यावर खेकसलो. तेव्हा कुठे तिनं पदर हातात घेतला.

एका फटक्यात निघालं. पदरावर काहीतरी बुळबुळीत, काचेसारखं होतं. तिनं ते उजेडात धरलं. हे सूत दिसत नाही, म्हणाली.

ती चकतीच होती, हे मला बघताक्षणी कळलं. मी तिला म्हणालो, असेल काहीतरी, फेकून दे. तिनं फेकलं. त्यानंतर मी जेवलो नाही. डोळ्यापेक्षा मला माझ्या मूर्खपणाचीच जास्त भीती वाटत होती.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी दाखवायला गेलो, वत्सला बरोबर आली. डॉक्टरांनी डोळा तपासला आणि विचारलं, चकती विरघळली? मी हो म्हणालो. त्यांनी वहीत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, एवढं औषध आत जाऊनही ठिपका तेवढाच आहे, म्हणजे यात अर्थ नाही. बाहेर बाकावर बसलेल्या उरलेल्या दोघा पेशंटांनाही आता चकती लावणार नाही. माझं मात्र ऑपरेशनच करावं लागेल, आणि डोळा राहीलच असं नाही.

मी मान खाली घालून बसलो होतो. सांगावं असं दहादा वाटलं, तोंड उघडेना.

"कैसी चकती, साहब?" वत्सलानं विचारलं. डॉक्टरांनी बोटांनी आकार दाखवला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"वो मैंने निकाला," ती म्हणाली. "कल दोपहर को. कचरा समझके."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मेल्याहून मेलो. ते तिलाच बोलले, चारचौघांत, आणि तिनं ते ऐकून घेतलं. मी काढायला लावलं, मीच खेकसलो, हे तिनं सांगितलंच नाही. शेवटी मी सांगितलं, पण उशिरा आणि पुटपुटत. त्यांनी वहीतली ओळ खोडली, दुसरी चकती भिजवून डोळ्यात ठेवली आणि नर्सला बाहेरच्या दोघांना आत घ्यायला सांगितलं.

घरी आलो. तासाभरात परत खुपायला लागलं. माझा हात आपोआप वर गेला. वत्सला भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातांनी तशीच उठली, माझी दोन्ही मनगटं धरली आणि समोर बसली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं हात सोडले नाहीत.

"डोळामा काय टाकेल शे," ती हळूच आमच्या गावाकडच्या बोलीत म्हणाली, "इतलं तरी माले सांगाले जोयजे व्हतं."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि डोळ्यात काय ठेवलंय एवढंही मी तिला सांगितलं नव्हतं. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगायला लागलो.