नावाच्या खणात

"उघडत नाय म्हंजे? किल्ली हरवली का त्याची?" डोळ्यावरची पट्टी सावरत गंगारामने विचारलं.

"कंपनीच बंद पडली, बाबा. ॲपला टाळं लागलं," अश्विन म्हणाला.

झालं. करंजाडेच्या त्या दोन खोल्यांत उद्याच्या कामाचा घोर लागला. गंगारामच्या डोळ्याचं ऑपरेशन कालच झालेलं. डॉक्टरने बजावलेलं, महिनाभर पाण्याचे पंप दुरुस्त करायला जायचं नाही. उद्यापासून हत्यारांची पिशवी घेऊन सून निघणार होती, अश्विनची बायको शर्मिला. आयटीआय केलेली पोरगी, हात चांगला. पण कुठल्या बिल्डिंगचा पंप कसा वागतो हे तिला कुठून ठाऊक? एवढं गंगारामलाही पाठ नव्हतं, ते सगळं फोनमध्ये. आणि पहिल्याच दिवशी बाईमाणूस अडलं की सोसायटीवाले दुसरा मिस्त्री धरणार, हे तिघांनाही कळत होतं.

गिऱ्हाइकांची नोंद ठेवायचं ते ॲप आणलं होतं अश्विननेच. रंगीत, गोंडस. नावाचा खण वेगळा, पत्त्याचा वेगळा, कामाचा, शेऱ्याचा, फोटोचा. एवढे खण बघूनच गंगारामला घाम फुटायचा. त्याने जे होतं ते सगळं पहिल्याच खणात कोंबलं, नावाच्या. तेव्हा अश्विन काय तापला होता! "बाबा, हे काय गोधडीत सामान बांधल्यासारखं?"

"गाठोडं एकच असलं की उचलायला बरं," गंगाराम म्हणाला होता.

आता शर्मिलाने विचारलं, "काहीच निघत नाय का हो?"

"नाव आणि नंबर निघतात. साधी फाइल आहे, कुठल्याही फोनवर उघडेल. बाकीचे खण त्यांच्याच कुलपात राहिले."

"मग नावं तरी वाच की," गंगाराम म्हणाला.

अश्विन वाचायला लागला. "साईकृपा सोसायटी, आधी पाणी पाज मग खटका दाब नायतर पंप रुसतो, सेक्रेटरी बरा मानूस." तो थांबला. खाली सरकला. "हादिया मॅडम बंगला, पाइपाच्या बुडाच्या फुटवॉलमध्ये कचरा अडकतो, आधी कुत्रा बांधायला सांग. रबाळे कारखाना, मागच्या पंपाची वायर उलटी हाय, मेन बंद केल्याशिवाय हात लावू नको."

शर्मिला पदर खोचून पुढे सरकली. "मामा, हे तर सगळंच हाय."

"नाव इचारलं, नाव लिवलं. मला त्यांची तीच नावं म्हाईत."

अश्विनने मान खाजवली. "नशीब, माझं ऐकलं नाहीत."

"ऐकनार होतो रे. कंटाळा आला."

मग मात्र तिघंही हसले. गंगारामला हसताना डोळा दुखला तरी हसला.

जेवणं झाल्यावर शर्मिला एकेक नाव आपल्या फोनवर बघत बसली. मध्येच अडली.

"मामा, हा कोन? पंप नाय, पत्ता नाय. ‘सुभाष पार्टनर, चहात साखर कमी, आता नाय.’ काढू का हा?"

गंगाराम चांगल्या डोळ्याने खिडकीबाहेरच्या टाक्यांकडे बघत होता.

"राहू दे," तो म्हणाला. "संगं काम करायचा. गेला. किती जागा खानार हाय तो?"

शर्मिलाने नाव राहू दिलं. मग उठून पिशवीत मोठा पाना टाकला आणि पिशवी दाराशी ठेवली, रोज गंगाराम ठेवायचा तिथेच.