बाईंचा चालता हात

"पुन्हा काढली?" दारातूनच भिंगरीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती पलंगाजवळ आली. नाकातली नळी चादरीवर पडली होती. मेट्रनबाई शांतपणे छताकडे बघत होत्या, नळी दुसऱ्याच कोणाची असावी अशा.

"मी पाठ फिरवली तेवढ्यात ओढली," वॉर्डातली मावशी म्हणाली. "एक हात चालतोय तर ही तऱ्हा. दोन्ही चालत असते तर आपल्यालाच बांधून ठेवलं असतं."

भिंगरीला हसू आलं आणि लगेच विरलंही. बाईंनी खरंच बांधून ठेवलं असतं. याच वॉर्डात त्यांचं राज्य होतं तेव्हा चादरीला एक सुरकुती दिसली तर अख्खा पलंग उसकटून पुन्हा घालायला लावायच्या. डॉक्टरसुद्धा त्यांच्यासमोर खिशातून हात काढून उभे राहायचे. भिंगरी नवी नर्स म्हणून आली तेव्हा सारखी पळत असायची. "पायाला भिंगरी लावून आलीस का गं?" बाईंनी एकदा सगळ्यांदेखत विचारलं. "पेशंट झोपलेला आहे, तो कुठे पळून जात नाही." तेव्हापासून ती भिंगरी झाली, आणि केस पिकू लागले तरी भिंगरीच राहिली.

आता त्या बाईंना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गिळणं पार गेलं नव्हतं, पण भरवशाचं राहिलं नव्हतं. चमचाभर पाणी दिलं तरी ठसका लागून जीव घाबरा व्हायचा. म्हणून नाकातून पोटात नळी, आणि नळीतून पातळ अन्न. शिल्लक राहिलेला डावा हात मात्र संधी मिळेल तेव्हा ती नळी उपटून टाकत होता.

त्या का उपटतात हे भिंगरीला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

बाई निवृत्त व्हायच्या सुमाराची गोष्ट. दोन्ही हात पलंगाला बांधलेल्या एका म्हाताऱ्याला दोघींनी नळीतून अन्न दिलं होतं आणि नंतर चादरींच्या खोलीत घड्या घालत उभ्या होत्या. बाई एकदम म्हणाल्या, "माझ्यावर अशी वेळ आली तर नळी घालू नका. हात तर मुळीच बांधू नका. जाईन मी आपली. तू असलीस तर बघ गं तेवढं." मोठी माणसं मरणाचं बोलायला लागली की आपण जसं बोलतो तसंच भिंगरी बोलून गेली, "बघीन की बाई." तेव्हा तो शब्द अगदी सहज तोंडातून गेला होता. आता त्याची छातीवर धोंड झाली होती.

डॉक्टरांनी राउंडला आल्यावर नळी बघितली. "नवीन घाला. आणि तो हात बांधा."

"डॉक्टर, बाईंनी मला सांगून ठेवलं होतं. नळी नको म्हणाल्या होत्या."

"लिहून दिलंय?"

"नाही."

"आणखी कोणासमोर बोलल्या?"

चादरींसमोर बोलल्या होत्या.

डॉक्टरांनी डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "मी तुम्हाला खोटं पाडत नाहीये, सिस्टर. पण धडधाकट असताना माणूस एक बोलतो आणि मरण समोर आलं की त्याला दुसरंच वाटू शकतं. मुलगा घाला म्हणतोय. मी काय करू?"

"पण त्या ओढून काढतात त्याचं काय?"

"नाकात काही खुपलं तर तान्हं मूलही ओढतं. त्याला इच्छा म्हणायचं का?"

भिंगरीला रागवायचं होतं, पण तो चूक बोलत नव्हता. तेच तिला सहन होईना.

मुलगा बाहेरच्या बाकावर बसला होता. पन्नाशीचा धिप्पाड गडी, मालट्रक चालवायचा. लग्न जमलं नाही, मग जमवायचंही सोडलं. घरात मायलेक दोघंच. भिंगरी त्याच्या शेजारी बसली आणि चादरींच्या खोलीतलं सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं. मग म्हणाला, "ताई, तिला उपाशी मारू म्हणता?"

"मी नाही म्हणत, दादा. त्यांनीच..."

"मी कितीही उशिरा गाडी लावून घरी येऊ दे, ती जेवायची थांबलेली असायची. ओरडायचो मी तिच्यावर, तू जेवून घेत का नाहीस म्हणून. आणि आता मी सांगू, हिला काही देऊ नका?" त्याचा आवाज फाटला. "आणि मला का नाही सांगितलं तिने हे? तुम्हाला सांगितलं ते?"

"तुम्ही ऐकलं नसतं म्हणून."

त्याने तिच्याकडे बघितलं. "नसतंच ऐकलं," तो म्हणाला आणि उठला. "चला, तिलाच विचारू."

भिंगरीने बाईंचा डावा हात हातात घेतला आणि कानाशी वाकून विचारलं, "बाई, नळी नको असेल तर माझा हात दाबा." बोटं हलली आणि घट्ट आवळली गेली. भिंगरीचा जीव भांड्यात पडला. तिने मुलाकडे बघितलं.

त्याने तो हात स्वतःच्या हातात घेतला. "आई, नळी ठेवायची ना? घरी जायचंय ना आपल्याला?"

बोटं पुन्हा तशीच आवळली गेली.

दोघंही पलंगाच्या दोन बाजूंना उभी राहिली. बाई छताकडे बघत होत्या. हातात काही दिलं की मूठ मिटते, आजारात असं होतं, हे भिंगरीने कितीतरी नातेवाइकांना स्वतः समजावून सांगितलं होतं. आता तेच तिला स्वतःला समजावून घ्यावं लागलं. बाईंना काय हवं होतं हे कळायला दुसरा मार्ग उरला नव्हता.

"घाला ताई नळी," मुलगा हळूच म्हणाला. "मी हात जोडतो."

"माझ्या हातून नाही होणार, दादा," भिंगरी म्हणाली, आणि तसंच तिने जाऊन इन्चार्ज सिस्टरलाही सांगितलं. इन्चार्ज सिस्टर तिच्याच बरोबरीची. बाईंच्या शिव्या दोघींनी वाटून खाल्लेल्या.

"तुझ्यावर जबरदस्ती नाही," ती म्हणाली. "पण कोणीतरी घालणारच, हे लक्षात ठेव."

पलीकडच्या वॉर्डातून दुसरी सिस्टर आली. ती दुष्ट नव्हती, पण तिच्या हातांना घाई होती आणि तिचे स्वतःचे पेशंट खोळंबले होते. पडदा ओढला गेला. भिंगरी अलीकडे उभी राहिली. आतून ठसका ऐकू आला. मग ओकारीचा आवाज. "धरा ना हात नीट!" मावशीला उद्देशून. पुन्हा ठसका, या वेळी लांबलचक, श्वास हरवल्यासारखा. भिंगरीने आपला शब्द पाळला होता आणि बाई पडद्यामागे गुदमरत होत्या. असला शब्द पाळून कोणाचं भलं झालं, हे तिला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पडदा उघडला तेव्हा बाईंच्या नाकाखाली रक्त होतं आणि डावा हात इतका आवळून बांधला होता की बोटं काळसर पडली होती. भिंगरीने धावत जाऊन गाठ सैल केली. मुलगा पायथ्याशी उभा होता.

"आई म्हणायची," तो म्हणाला, "नळी घालावी तर भिंगरीने. पेशंटला कळतसुद्धा नाही."

त्याने टोमणा मारला नव्हता. जे आठवलं ते बोलला होता. त्या दिवशी घरी गेल्यावर भिंगरीने ताट तसंच बाजूला सारलं. नवऱ्याने विचारलं, काय झालं, तर म्हणाली, काही नाही, दमले.

सकाळी ती ड्यूटीवर आली तर नळी पुन्हा बाहेर होती. हात बांधलेलाच होता. बाईंनी गाल उशीवर घासून घासून ती सोडवली होती. नाकपुडी सोलवटली होती. इन्चार्ज सिस्टरने पलीकडच्या वॉर्डात लावायला फोन उचलला.

"ठेव," भिंगरी म्हणाली. "मी घालते."

तिचं मत बदललं नव्हतं. पण नळी घालायची की नाही, हा प्रश्न तिचा राहिलाच नव्हता. घालणारा हात कोणाचा, एवढाच उरला होता.

तिने बाईंचा हात सोडला, डोकं उंच केलं, हनुवटी खाली आणली. नळीला बोटाने मलम लावलं. "बाई," ती म्हणाली, "मी बघीन म्हणाले होते. मला नाही जमलं. मला माफ करू नका." मग चांगल्या नाकपुडीतून नळी आत सरकवली आणि घशाशी आल्यावर थांबली. इथे घाई करायची नसते. पेशंट गिळेल तेव्हा त्याच्याबरोबर पुढे जायचं. हे तिला बाईंनीच शिकवलं होतं.

"गिळा, बाई."

बाईंनी गिळलं. नळी एक वीत खाली गेली.

"अजून एकदा."

पुन्हा गिळलं, नेमकं हवं तेव्हा. ठसका नाही, ओकारी नाही, आणि मोकळा हात चादरीवर तसाच पडून राहिला. समोर पूर्वीचीच शिकाऊ भिंगरी आहे असं समजून तिला सांभाळायला बाई गिळत होत्या, की घसाच आपोआप गिळत होता, हे भिंगरीला कळलं नाही. नळी पोटात पोचली. तिने ती चिकटपट्टीने गालाला लावली, अन्न दिलं, बाईंचं तोंड पुसलं. वॉर्डात आणखी कितीतरी पलंग होते. इथे हात धरून बसणं शक्य नव्हतं. तिने मनगटाभोवती मऊ कापूस गुंडाळला आणि वरून बँडेज बांधलं. बाईंनी हात ओढून घेतला नाही.

मुलगा आत आला आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून थबकला.

"रडतेय का ती?"

बाईंच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहून कानापर्यंत गेलं होतं. भिंगरीने ते पुसलं.

"नाही, दादा. नळी घातली की सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी येतं."

"वेदना नाही ना?"

"नाही."

त्याने स्टूल ओढलं आणि बांधलेला हात हातात घेऊन बसला. भिंगरी पुन्हा वाकली आणि पुन्हा पुसू लागली, कारण ते पाणी थांबत नव्हतं.