बॅटरीमामांचा कोठारी

मी एक जुना कोठारी आहे. वय वर्षं अठ्ठावन्न. उजव्या बरगड्यांच्या आड माझा मुक्काम. नाव यकृत, दवाखान्यात लिव्हर म्हणतात. हृदयासारखी धडधड करून लक्ष वेधून घ्यायची मला सवय नाही.

मित्रांनो, आमचे मालक चित्रपटगृहाच्या अंधारात लोकांना खुर्च्या दाखवतात. सगळे त्यांना बॅटरीमामा म्हणतात. काय तो माणूस! बॅटरीचा झोत नेहमी पाहुण्याच्या पायांपुढे, स्वतः मात्र अंधारात चालणार. तीस वर्षांत त्यांच्यासोबत कुणी ठेचकाळलं नाही. लोक मामांच्या नजरेचं कौतुक करत आणि डोळे उगाच भाव खात. अहो, अंधुक उजेडात बघायला त्यांना अ जीवनसत्त्व लागतं, ते साठवून पुरवतो मी!

गाजर, लाल भोपळा, पालेभाजी, दूध, अंड्याचा बलक यांतून ते मिळतं आणि थोड्या तेलातुपाच्या सोबतीनं आतड्यातून माझ्यापर्यंत येतं. माझ्याकडे चांदणीच्या आकाराच्या इवल्या पेशी आहेत. त्यांच्यातल्या चरबीच्या थेंबांत मी ते जपून ठेवतो. लागेल तसं काढायचं, एका प्रथिनाच्या पाठीवर बसवायचं आणि रक्तातून रवाना करायचं. एकटंच पाठवलं तर त्याचा निभाव लागत नाही.

मामी होत्या तोवर माझं कोठार शिगोशीग भरलेलं असे. त्या गेल्या आणि मामांचं जेवणावरून मनच उडालं. सकाळी चहा-बिस्कीट, संध्याकाळी चहा-पाव. दोन वर्षं मी साठ्यातलं थोडं थोडं देत राहिलो आणि त्यांना पत्ताही लागू दिला नाही. मला वाटे, केवढी ही माझी हुशारी. तिथंच चुकलं माझं.

साठा संपला. दुपारच्या खेळाला एका बाईंना नेताना मामांचीच पायरी चुकली, दोघंही पडता पडता वाचले. पुन्हा असं झालं तर घरी बसावं लागेल, असं व्यवस्थापकांनी बजावलं. मामांनी ही गोष्ट घरी लेकीपासूनही लपवली. पण चार दिवसांनी तीच तिकीट काढून खेळाला आली, तर समोर उभी असूनही त्यांना ती दिसेना. तिनं हळूच त्यांच्या हातातली बॅटरी घेतली.

"बाबा, बसा तुम्ही. आज मी दाखवते."

मामा खुर्चीत बसून रडले. मलाही फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, "डोळे ठणठणीत आहेत. लिव्हरमधला साठा संपलाय."

मामांना नोकरीची घाई. मूठभर गोळ्या एकदम घेऊ का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी हात जोडले. जास्तीचं अ जीवनसत्त्व लिव्हरला सहजासहजी बाहेर टाकता येत नाही, त्यानं लिव्हरच बिघडेल, म्हणाले. मग ठरवून दिलेला डोस आणि रोज लेकीच्या शेजारी बसून जेवण. भोपळ्याची भाजी अगदी मामींच्या हातची वाटायची.

काही आठवड्यांनी लेक मुद्दाम उशिरा खेळाला आली. झोत तिच्या पायांपुढे पडला. "सांभाळून, पुढे पायरी आहे," मामा म्हणाले आणि स्वतः न अडखळता तिला खुर्चीपर्यंत घेऊन गेले.

मित्रांनो, ताटातली भाजी बाजूला सारताना माझी आठवण ठेवा. मी कुरकुरत नाही, म्हणून माझ्याकडे सगळं आहेच असं धरून चालू नका.

त्या दिवशी दाराशी परत येऊन मामांनी उजव्या बरगडीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "आता तुला उपाशी नाही ठेवणार रे."