एका अंगठ्याची गाडी

आमच्या क्लबाला नाव नव्हतं आणि अध्यक्षही नव्हता, कारण अध्यक्ष नेमला असता तर मी आणि ताराचंद यांच्यापैकी एकानं त्याच दिवशी क्लब सोडला असता. पुलगाव, नाचणगाव आणि वर्धा मिळून आम्ही सहा-सात जण, सगळे बायकापोरांचे, रविवारी सकाळी नाचणगावला ताराचंदच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात जमायचो आणि हातभर लांबीच्या रिमोटच्या मोटारी पळवायचो. ही गोष्ट सत्याऐंशी सालातली. तेव्हा असली गाडी आमच्याकडे कुठल्याही दुकानात मिळत नसे. माझी गाडी माझ्या साळ्यानं बहारीनहून आणली होती. ताराचंदची मुंबईच्या कोण्या व्यापाऱ्याकडून आली होती, त्यानं ती कुठून आणली हे आम्ही विचारलं नाही. लोक आम्हाला हसायचे. हसू द्या. दिवसदिवस रमीचे पत्ते पिसणाऱ्यांनी मला लाज शिकवू नये.

खरी हौस गाडी पळवण्याची नव्हती, जमवण्याची होती. डब्यातून काढलेली गाडी सरळ बरी धावते, पण वळणावर मागून घसरते आणि भोवऱ्यासारखी फिरते. मग तिची पुढची चाकं किंचित आत वळवायची, मागचे स्प्रिंग नरम करायचे, बॅटरी बोटभर मागं सरकवायची, मोटारीवरचं दातेरी चाक थोडं लहान बसवायचं. त्यानं वेग जरा जातो, पण गाडी ऐकायला लागते. एक सुधारलं की दुसरं बिघडतं. संसारासारखंच आहे, फक्त इथं पेचकस आपल्या हातात असतो.

माझं पुलगावात पंपाच्या मोटारी गुंडाळायचं दुकान, त्यामुळे ही कामं मला जमायची. ताराचंद कापसाचा व्यापारी, पण हात असा हलका की घड्याळजी व्हायचा तो चुकून शेठ झाला. आमच्या दोघांतच खरी शर्यत असायची. बाकीचे मागून यायचे आणि चहा प्यायचे. मी जिंकलो की तो आठवडाभर गाडी उघडून बसे, तो जिंकला की मी घरात कोणाशी धड बोलत नसे. नाचणगाव ते पुलगाव एवढं अंतर मी त्याच्या नावानं बोटं मोडत सायकलवर तुडवलेलं आहे.

आणि मग त्या दिवाळीनंतर एका दुपारी दुकानात बसलो असताना उजवा हात टेबलावरून खाली घसरला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला कळेचना की हा हात कोणाचा. सेवाग्रामच्या दवाखान्यात महिनाभर राहिलो. पाय परत आला. जीभ तर सगळ्यात आधी परत आली, असं माझी बायको कोकिळा सगळ्यांना सांगते. हात आला नाही. खांद्यापर्यंत उचलला जायचा, पण बोटं ऐकत नव्हती.

त्याचं दुःख होतंच. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळी होती. सगळे माझ्याशी फार चांगले वागायला लागले. ज्या गिऱ्हाइकानं जन्मात कधी घासाघीस सोडली नव्हती, तो मी म्हणेन तो भाव देऊन मान डोलावून जायचा. दुकानातला कारागीर माझ्या चुकांना हो म्हणायचा. इतकंच काय, कोकिळासुद्धा भांडायची थांबली. भाजी खारट झाली म्हणालो तर गुपचूप दुसरी टाकायची. आमच्या लग्नात भांडण हेच मीठ होतं, ते गेल्यावर मला घर आळणी लागायला लागलं. मी माणूस राहिलो नव्हतो, दुखणं झालो होतो.

गाडी फडताळावर पडली होती. आमच्या रिमोटला दोन दांड्या असत, डाव्या हाताच्या दांडीनं वेग आणि उजव्या हाताच्या दांडीनं वळण. एकदा कोकिळा म्हणाली की वेग तुम्ही सांभाळा, वळण मी सांभाळते. आम्ही अंगणात करून पाहिलं. गाडी आधी तुळशीवृंदावनावर आदळली, मग शेजाऱ्यांच्या बकरीमागं लागली. कोकिळा हसून हसून खाली बसली, मलाही हसू आलं. पण रात्री ती झोपल्यावर मी गाडी उचलून फडताळात पार मागं ढकलली.

गुढीपाडवा झाला, जिनिंगचा हंगाम संपला, आवार रिकामं झालं, आणि ताराचंद आमच्या घरी आला. त्यानं तब्येत विचारली नाही. सतरंजीवर बसता बसता म्हणाला, "गाडी काढा, सदाशिवभाऊ. यंदा मले हरवाले कोणीच नाई. मजा नाई येऊन राह्यली."

मी हात दाखवला. त्यानं हाताकडे पाहिलं, आणि पिशवीतून एक फुटका रिमोट काढला. तो खेळण्यातल्या विमानाचा होता. विमान त्यानं केव्हाच झाडावर घातलं होतं, पण रिमोट टाकला नव्हता. त्याची एकच दांडी चारी दिशांना फिरायची. ती माझ्या रिमोटात बसवली तर वर-खाली वेग आणि डावी-उजवीकडे वळण, सगळं एका अंगठ्यात येणार होतं.

पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघं त्याच्या जिनिंगच्या ऑफिसात बसलो. कुठली तार कुठं जायची ते मी सांगायचो, झाळ तो मारायचा. चुकला की मी ओरडायचो आणि तो उलट ओरडायचा. ते ओरडणं ऐकून मला किती बरं वाटलं ते त्याला ठाऊक नाही.

दांडी बसली, पण गाडी जमेना. दोन अंगठ्यांचं काम एका अंगठ्याला दिलं की तो गोंधळतो. उजवीकडे वळताना ठीक होतं. डावीकडे वळताना मात्र अंगठा बाहेर ताणला जायचा आणि नकळत खाली घसरायचा, की गाडी मरगळायची. ते सावरायला अंगठा वर ढकलला की एकदम वेग यायचा आणि गाडी गिरकी घ्यायची. मी चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी घरी बसलो. म्हटलं, झालं तेवढं पुरे.

दोन-तीन दिवसांनी पेचकस राहिला म्हणून आवारात गेलो, तर ताराचंद एकटाच उन्हात उभा होता. उजवा हात सदऱ्याच्या खिशात कोंबलेला, डाव्या अंगठ्यानं माझी गाडी चालवत होता. डाव्या वळणावर त्याच्या हातातही ती गरगर फिरली आणि सरकीच्या पोत्यावर आदळली. मला पाहून तो ओशाळला नाही.

"तुमचा आंगठा काय करते ते मले समजल्याशिवाय गाडी कशी जमन?" तो म्हणाला.

माझ्यासाठी रडलेले पुष्कळ होते, पण माझ्या जागी उभा राहून पाहणारा तो पहिलाच. त्या क्षणी त्याच्याबद्दल जे वाटलं ते कुठल्या नात्यात बसवावं हे मला आजही कळलेलं नाही.

मग मात्र कामाला दिशा आली. गाडी वेगवान करायची नाही, समजूतदार करायची, असं ठरलं. दातेरी चाक लहान बसवलं म्हणजे अंगठा दचकला तरी गाडी दचकणार नाही. मागच्या चाकांना मऊ रबर चढवलं, म्हणजे पकड राहील. पुढची चाकं पुरती वळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पत्र्याचा अडसर लावला. बॅटरी मागं सरकवली, मग थोडी पुढं, मग परत मागं. लाइट गेली की बॅटऱ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर भरायच्या. हळूहळू गाडी माझी झाली. डाव्या वळणावर थोडी मरगळ उरली ती उरलीच. ती गाडीची नव्हती, माझ्या अंगठ्याची होती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी ताराचंदला स्पष्ट सांगितलं. "शेठ, हारलो तर चालते. पण कोणी मले सोडून देल्लं, तर मी पुन्हा या आवारात पाय ठेवणार नाई."

"मले काय सांगता," तो म्हणाला. "मी पोटच्या पोराले नाई सोडत."

वैशाखातला रविवार. सिमेंट तापायच्या आत, उजाडता उजाडताच आम्ही जमलो. सरकीची पोती मांडून रस्ता आखला होता. आमच्या आवारात एक रीत होती. कितीही झाडलं तरी कापसाच्या रुईचे तंतू फरशीवर उरायचे, ते चाकांच्या दांड्याला गुंडाळले जायचे आणि गाडी जड व्हायची. म्हणून सुरुवातीच्या आधी प्रत्येकानं आपली गाडी उलटी करून चिमट्यानं रुई काढायची. मी गाडी गुडघ्यांत धरली आणि डाव्या हातानं एकेक तंतू ओढायला लागलो. वेळ लागत होता. बँकेतले पुंडलिकराव फार सज्जन माणूस, ते लगबगीनं पुढं आले आणि माझ्या गाडीला हात घालू लागले. ताराचंदनं त्यांना म्हटलं की ज्याची गाडी त्याच्या हाती राहू द्या. मग माझं होईपर्यंत सगळे थांबले. ताराचंद तर जांभई देत उभा होता.

शर्यत सुरू झाली. दहा फेऱ्या मारायच्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत मी चांगला होतो, गाडी ऐकत होती, डाव्या वळणावर जरा मरगळून पुन्हा उठत होती. इतक्यात पुंडलिकरावांची गाडी वळणावर भलतीच बाहेर गेली आणि मला आतून वाट मिळाली. पुढच्या फेरीत दुसऱ्या एकाची गाडी तशीच बाहेर गेली. त्याच्या पुढच्या फेरीत पुन्हा पुंडलिकराव. मी पुंडलिकरावांच्या तोंडाकडे पाहिलं. ते गाडीकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या तोंडावर तेच, दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांचं हसू होतं.

मी अंगठा उचलला. गाडी मध्येच उभी राहिली. मागच्या गाड्या कशाबशा थांबल्या. "मी मेलो नाई आजून," मी म्हणालो, गाडी काखेत मारली आणि फाटकाकडे निघालो. पुंडलिकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला त्यांची माया नको होती. मला माझी जागा हवी होती.

मागून ताराचंदचा आवाज आला. "पुंडलिकराव सोडून राह्यले होते ते दिसलं तुमाले. मी मागून दाबून राह्यलो होतो, ते नाई दिसलं? का आता बहाना भेटला म्हून चालले?"

तळपायाची आग मस्तकात गेली. सहा महिन्यांत माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. मी वळलो, गाडी रेघेवर ठेवली आणि शर्यत पहिल्यापासून लावा म्हणालो.

या वेळी कोणी सोडलं नाही. पहिल्याच वळणावर पुंडलिकरावांनी मला असा धक्का दिला की गाडी आडवी झाली. मी त्यांना मनातून आशीर्वाद दिला. निम्म्या फेऱ्या झाल्या तेव्हा मी पुढं होतो आणि ताराचंद माझ्या शेपटाला लागून. शेवटच्या फेरीलाही मी पुढं. फाटकाजवळचं डावं वळण तेवढं राहिलं होतं. माझा अंगठा ताणला गेला, किंचित खाली घसरला, गाडी मरगळली, आणि त्याच क्षणी, जणू वाटच पाहत असल्यासारखी, ताराचंदची गाडी आतून घुसली. एका गाडीच्या अंतरानं तो जिंकला.

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "तुमाले माहीत होतं. माही खोड तुम्ही माह्याच गाडीवर शिकले."

"हाव," तो म्हणाला. "अन् बरोबर तिथंच मारली. पुढच्या टायमाले ते वळण मजबूत करून या."

माझा संताप संताप झाला, आणि त्याच संतापात मला कळलं की हा माणूस माझ्यावर केवढे उपकार करून बसला आहे. पूर्वी माझी गाडी सरळ रस्त्यावर कमी पडायची तेव्हा तो तिथं मारायचा. आता माझा अंगठा डाव्या वळणावर कमी पडत होता, तर तो तिथं मारत होता. त्याच्या हिशेबी एवढाच फरक पडला होता. बाकी सगळ्यांनी माझा हात पाहिला, त्यानं माझं वळण पाहिलं.

घरी आलो तो बडबडतच. हातपाय न धुता पाटावर बसलो आणि कोकिळाला सगळी शर्यत सांगितली. ताराचंद कसा लबाड, शेवटपर्यंत कसा दबा धरून राहिला, मी कसा एका वळणानं गेलो. ती ऐकत होती. वाढता वाढता थांबली आणि म्हणाली की चूक तुमचीच, अंगठा घसरते हे माहीत होतं तर वळणाआधीच वर घ्यायचा ना. मी म्हणालो, तुला काय कळतं गाडीतलं. ती म्हणाली, बकरीमागं गाडी मी नव्हती लावली. मग आम्ही असे कडाकडा भांडलो की भात निवून गेला.

दुपारी उठलो तर स्वयंपाकघरात पाटीवर सरगुंडे वाळत होते. काडीला कणीक गुंडाळून करायचे, वाळवायचे, वाफवायचे आणि आंब्याच्या रसात वाढायचे. भयंकर मेहनतीचं काम, आमच्याकडे ते जावयाला करतात. आम्हाला जावई नाही. मी विचारलं की कोण पाहुणा येऊन राहिला आहे. तिनं सांगितलं की कोणी येत नाही, संध्याकाळी ताराचंद शेठच्या घरी डबा द्यायचा आहे.

"त्याले सरगुंडे काऊन?" मी विचारलं.

कोकिळानं काडीवरून एक सरगुंडा अलगद सोडवला. तिचे डोळे भरून आले होते, पण हात थांबला नाही.

"तुमाले हरवलं ना त्यानं," ती म्हणाली. "म्हून."

संध्याकाळी डबा कारागिराच्या हाती पाठवते म्हणत होती. मी नाही म्हटलं, डाव्या हातात घेतला आणि स्वतःच निघालो.