रोपाला नाही म्हणायचं नसतं

आमच्या सुरगाण्याकडे भाताचं रोप कुणी विकत नाही. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी एखाद्याचं कमी पडलं, तर ज्याचं उरलंय तो आपणहून जुड्या आणून त्याच्या बांधावर टाकतो. घेणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. रीत चांगलीच आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण हीच रीत जेव्हा स्ट्रॉबेरीला लावली तेव्हा माझं डोकं फिरलं, ते अजून पुरतं जागेवर आलेलं नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. माझी थोरली नणंद चतुराबाई गावातच दिलेली. गावात स्ट्रॉबेरी पहिल्यांदा तिने लावली, म्हणून तिचा मान. हंगाम सरला की जुन्या झाडांना जमिनीवर पसरणाऱ्या वेली सुटायच्या आणि वेलींच्या टोकाला पिल्लं धरायची. ती पिल्लं चतुराबाई गावभर वाटायची. आम्हीही तीच लावली. पानं आकसलेली, कडा पिवळ्या, फळ बोराएवढं. पंचवटीच्या बाजारात व्यापाऱ्याने आमचा खोका उघडला, वरचं एक फळ उलटं करून पाहिलं आणि खोका पायाने बाजूला सरकवला. पायाने! थंडीत कंबर मोडेस्तोवर वाकून तोडलेला माल होता तो. आणि माझा नवरा बहिरू परत येताना काय म्हणतो, तर औंदा थंडीच कमी पडली.

थंडी भरपूर होती. रोप रोगट होतं. फळं देऊन दमलेल्या झाडाची पिल्लं, मग त्या पिल्लांची पिल्लं, वर्षामागून वर्षं तेच. मी घरात भांडून महाबळेश्वरकडची नवी मदर आणायला लावली. मदर म्हणजे आईझाड. त्याचं फळ खायचं नाही, त्याची फक्त पिल्लं घ्यायची. कळी दिसली की खुडा, नाहीतर सगळा जोर फळात जाईल, असं रोपवाल्याने बजावलं होतं. मी रोज वाफ्यात बसून कळ्या खुडायचे. चतुराबाई बांधावर उभी राहून बायकांना दाखवायची, बघा, आमची भावजय फुलावर आलेलं पीक उपटतेय. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी मान वर केली नाही, पण एकेकीचं हसणं लक्षात ठेवलं.

गणपती गेल्यावर पिल्लं काढली. पांढऱ्याशुभ्र मुळ्या, गाभा बोटाएवढा जाड. अशी रोपं मी आयुष्यात पाहिली नव्हती. लावणी झाली, पण शेवटचे दोन वाफे रिकामे राहिले. राहू दे म्हटलं मी. बहिरूला मात्र रिकामी जमीन बघवेना. मी पाण्याला गेलेली असताना हा बाबा बहिणीला जाऊन सांगून आला.

परत येते तर चतुराबाई डोक्यावरची पाटी उतरवून बसलेली आणि बहिरू तिची रोपं माझ्या वाफ्यात लावतोय. तीच आकसलेली पानं. त्याच पिवळ्या कडा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याच्या हातातलं रोप मी हिसकावून घेतलं. लावलेली सगळी उपटली, पाटीतल्या उरलेल्यांवर टाकली आणि पाटी बांधावर उन्हात नेऊन ठेवली.

"सिंधू, रोपाला नाय म्हणत नाय," चतुराबाई म्हणाली.

"रोपाला नाय म्हणत नाय मी, आक्का. रोगाला नाय म्हणते."

ती उठून चालू लागली. पाटीही तिने नेली नाही. रोपं तिथेच वाळली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने ती पाहिली. बहिरूने मला रीत शिकवायला तोंड उघडलं, तेव्हा मी त्याला त्या पायाने सरकवलेल्या खोक्याची आठवण करून दिली.

त्या हंगामात माझं फळ असं आलं की त्याच व्यापाऱ्याने खोका दोन्ही हातांनी उचलून घेतला. पण गावातली एकही बाई तोडणीला आली नाही. चतुराबाई समोरून आली की रस्ता बदलायची. बदलू दे. माझं चुकलं नव्हतं, आजही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पुढच्या आषाढात पावसाने आमचा राब, भाताच्या रोपांचा वाफा, धुऊन नेला. भाताची एक काडी उरली नाही. खाचरं चिखल करून तयार आणि लावायला रोप नाही. बहिरू म्हणाला, आक्काकडे जाऊ का? मी म्हटलं, गेलास तर परत येऊ नकोस. स्ट्रॉबेरीवर पोट भरत नाही, वर्षाचा भात तो, हे मला कळत होतं. तरी मी मागणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी चतुराबाई भर पावसात आली. डोक्यावर भाताच्या रोपाचा भारा. बांधावर टाकला, तिथेच, जिथे तिची पाटी वाळली होती. मी भाऱ्याजवळ गेले. माझ्या हाताने नकळत एक जुडी उचलली, मुळ्या उलट्या करून पाहिल्या, पानाची कड चोळून पाहिली. मान वर केली तर ती माझ्या हाताकडे बघत होती.

"बघ, नीट बघून घे," ती म्हणाली. "रोगट असलं तर ठेव उन्हात."

रोप हिरवंगार होतं. खोट काढायला कुठेच जागा नव्हती, आणि मला त्याचाच संताप आला. मी पदर खोचला, जुडी घेऊन चिखलात उतरले आणि लावायला लागले. थोड्या वेळाने पलीकडच्या टोकाने तीही वाकून लावायला लागली.