फेस्टीने बांधलेली माशी

फेस्टी मलकेरिनला गेल्या हिवाळ्यापासून धड दिसत नव्हतं. तरी मे लागला, कोरिब तलावावर माशा उठायला लागल्या, तसा म्हातारा चिमट्यात गळ अडकवून बसला. बोटांच्या अंदाजाने पीस गुंडाळून त्याने ट्राउट माशाला भुलवायची एक नकली माशी बांधली आणि जावयाच्या तळहातावर ठेवली.

"कोलमन, हिला मासा आला तर बांधत राहीन. नाही आला तर चिमटा उचलून ठेवतो. पण खोटं सांगायचं नाही."

आता कोलमन म्हणजे मुलखाचा गोडबोल्या. होडीत बसून त्याने माशी निरखली. एक पंख वर, एक खाली, दोऱ्याचा पोटाशी नुसता गुंता. हिला कसला डोंबलाचा मासा येतोय, म्हणत त्याने ती खिशात टाकली आणि गळाला चक्क गांडूळ लावलं. त्या गावात, ऐन मेमध्ये, जेव्हा नकली माशी सोडून दुसरं काही गळाला लावणं म्हणजे लाज! कुणी पाहिलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. ट्राउट मात्र दांडगा मिळाला.

"तुमच्याच माशीला आला, बाबा," घरात शिरता शिरताच तो म्हणाला.

"ब्रीज, ऐकलंस का?" म्हाताऱ्याने लेकीला हाक मारली. "तुझा बाप अजून कामातून गेलेला नाही."

एवढ्याशा खोट्याने म्हातारा खुलला, बिघडलं कुठे, असं कोलमनला वाटलं.

मग फेस्टीने लांब दांड्याचा चमचा मागितला. तो माशाच्या घशातून पोटात घालायचा, फिरवायचा, मासा आज काय खातोय ते बघायचं आणि त्यावरून उद्याची माशी निवडायची, ही त्याची जन्माची खोड. डोळ्यांबरोबर तीही गेली असेल, असं कोलमन धरून चालला होता.

"राहू द्या बाबा, मी करतो साफ."

"तुला काय कळतंय त्यातलं, जावईबापू?"

बशीत पडलेलं म्हाताऱ्याने दोन बोटांनी चाचपलं. थोडे पंख लागले. मग अर्धं गांडूळ लागलं आणि बोटं थांबली. ब्रीजनेही ते पाहिलं, आणि नवऱ्याकडे न बघता ती आत निघून गेली.

कोलमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं.

फेस्टीने बोटं पुसली. "माझ्या माशीला नाही आला. असू दे, होतं असं. पण आधी टाकलीस तेव्हा पाण्यावर ती बसली कशी, तेवढं खरं सांग. सरळ बसली, की कलंडली?"

कोलमनने खिशातली माशी चाचपली. माशीला पाणी लागलंच नव्हतं. म्हातारा कान देऊन वाट बघत राहिला.